खळीवर चिकटवलेलं रबर

निवडचाचणीच्या आदल्या संध्याकाळी मी नवं लावायला म्हणून बॅटीच्या एका बाजूचं जुनं रबर ओढून काढलं आणि मग लक्षात आलं की घरात डिंक नाही. म्हणजे ट्यूब होती, पण तिचं झाकण नीट बसलं नव्हतं आणि आत सगळं वाळून खडा झालं होतं. मी ट्यूब कापून पाहिली, चमच्यानं खरवडून पाहिली आणि शेवटी भिंतीवर फेकून मारली. माझा राग असाच निघतो, वस्तूंवर. जुनं रबर परत लावता येत नव्हतं, कारण त्याच्या दोन-तीन काड्या मुळापासून तुटल्या होत्या आणि तशी बॅट घेऊन पंच खेळू देत नाहीत. सकाळी धाराशिवला पोचायचं होतं आणि हातात एका अंगानं नागडी फळी होती.

हे रबर म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर माझी घालमेल कुणाला कळायची नाही. टेबल टेनिसच्या प्रत्येक रबराला एका अंगाला बारीक काड्या असतात. नेहमीच्या प्लेन रबरात त्या काड्या आत, स्पंजकडे तोंड करून चिकटवलेल्या असतात आणि गुळगुळीत बाजू बाहेर येते. लाँग पिंपल रबरात काड्याच बाहेर असतात, आणि त्याही उंच, सडपातळ. लांबून पाहिलं तर कपडे घासायच्या ब्रशसारखं दिसतं. चेंडू आला की प्लेन रबर त्याला पकडतं, त्याची फिरकी मोडून आपली घालतं. पिंपलच्या काड्या चेंडूखाली वाकतात, त्याला धरत नाहीत. त्यामुळे चेंडू ज्या अंगानं फिरत आला त्याच अंगानं फिरत परत जातो. समोरच्यानं जोरात टॉपस्पिन मारला तर त्याच्याकडे बॅकस्पिन होऊन जातो, आणि गाफील असला तर पुढचा फटका सरळ जाळीत. लोकांना ही लबाडी वाटते. वाटू दे.

मला हे रबर हौसेनं नाही, गरजेनं लागलं. ऑफिसला, वाशीला तालुक्याच्या गावी जाताना एकदा स्कूटी घसरली आणि उजवा खांदा गेला. आता वेणी घालता येते, दोरीवर कपडे टाकता येतात, पण हात मागं नेऊन स्मॅश मारता येत नाही. त्याआधी मी फक्त स्मॅशच मारायची. खेळ सोडायचा की रबर बदलायचं, एवढंच उरलं होतं.

पिंपलमध्येही जाती असतात, हे मला पैसे घालवून कळलं. पहिलं आणलं ते स्पंजवालं होतं, काड्या जाड आणि ताठ, टोकं खरखरीत. त्यानं चेंडू वेगात जायचा, लांब उभं राहून कापायलाही बरं होतं, पण फिरकी म्हणावी तशी उलटायची नाही. शिवाय टेबलाजवळ उभं राहून नुसती बॅट आडवी धरली की चेंडू हातातून सुटल्यासारखा पलीकडे जाऊन पडायचा. दुसरं आणलं ते बिनस्पंजाचं, पातळ, थेट लाकडावर बसणारं. काड्या मऊ, टोकं गुळगुळीत. ह्यावर चेंडू मरून पडतो. समोरच्याचा सगळा जोर गिळून टाकतो आणि फिरकी तेवढी परत देतो. माझ्या खांद्याला हेच मानवलं, कारण ह्यात हात मागं न्यावाच लागत नाही. पण एक आहे. ह्या रबराला स्वतःचं काही नसतं. समोरच्यानं फिरकीशिवाय रिकामा चेंडू दिला तर ते रिकामाच परत देतं, आणि तो हळू, उचललेला चेंडू कुणीही ठोकावा असा असतो.

आमच्या खात्याच्या विभागीय स्पर्धा दरवर्षी परगावी होतात. जिल्ह्याकडून बायकांच्या एकेरीत एकच जागा असते आणि ती बरीच वर्षं माझी होती. ते थोडे दिवस म्हणजे माझे दिवस. सकाळी कुणी चहा मागत नाही, डबे नाहीत, पाहुणे नाहीत. मी सगळ्यांना, अगदी नवऱ्यालाही, असंच सांगायची की मला त्या दिवसांसाठी जायचं असतं, खेळ आपला निमित्ताला. ह्या वर्षी त्या जागेवर दुसरा हक्क सांगणारी आली होती. आमच्याच ऑफिसात नवी लागलेली मुलगी, विशीतली, दोन्ही बाजूंना प्लेन रबर आणि हात असा की चेंडू दिसायच्या आत अंगावर. वाशीत ऑफिस सुटल्यावर आम्ही दोघी रोज एकत्र खेळायचो. माझं रबर तिला मीच समजावून सांगितलं होतं, कारण मला सराव हवा होता आणि रोज जाळीत चेंडू घालणाऱ्या मुलीबरोबर सराव होत नाही.

तर ट्यूब भिंतीवर आपटली आणि सासूबाई बाहेर आल्या. त्यांना मी आत्या म्हणते.

"काय झालं एवढी आदळआपट कराया?"

"डिंक वाळला आत्या. उद्या खेळायचंय."

"मंग आता सोलुशन आन म्हनशील. त्ये घरात न्हाय यायचं, आदीच सांगून ठिवते."

तेरखेड्यात आमचं फटाक्यांचं काम. दारू भरायची ती गावाबाहेर शेडमध्ये, घरी फक्त कागदाच्या रिकाम्या नळ्या वळायच्या. पण शेडमधनं येणाऱ्या माणसांच्या कपड्यांना भुकटी असतेच, म्हणून पंक्चरचं सोल्युशन, थिनर, रॉकेल ह्यातलं काहीही आत्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत. खेळाविषयी त्यांचं मत मला पाठ होतं. बॅटीला त्या उलथनं म्हणायच्या आणि दर वर्षी मी निघाले की विचारायच्या, "चेंडू टोलवाया पगार देत्यात व्हय तुमाला?" त्यामुळे मी वाद न घालता फळी उचलली आणि आत निघाले.

"हिकडं आन," त्या म्हणाल्या. "कागुद असू न्हायतर रबर, चिटकायचं ते चिटकतंय. मोरचूद घालून खळ करते."

मला हसावं की रडावं कळेना. पण दुसरा इलाज नव्हता. त्यांनी मैदा कालवला, चुलीवर रटरटू दिला, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकलं. निळसर झाक आलेली ती खळ त्यांनी फळीवर ओतली, बोटांनी सारखी केली आणि रबर वर ठेवून तळहाताच्या कडेनं मधून कडेकडे हवा काढत नेली. आयुष्यभर नळ्या वळलेला हात. एक फुगा राहिला नाही. कडा ब्लेडनं कापल्या, वर वर्तमानपत्राची घडी आणि तिच्यावर तवा ठेवला. मी म्हटलं, "आत्या, काड्या वाकतील." त्या म्हणाल्या, "तू नीज जा." सकाळी पाहिलं तर रबर कारखान्यातून आल्यासारखं बसलं होतं.

ती मुलगी आणि मी एकाच बसनं गेलो. तिनं मला खिडकीची जागा दिली. येरमाळ्यापर्यंत आम्ही ऑफिसातल्या गोष्टी बोललो. मी पिशवीत हात घालून सारखी रबराची कड चाचपत होते.

हॉलमध्ये पंखे बंद होते, कारण वाऱ्यानं चेंडू हलतो. दारंही लावलेली. उन्हाळा नुकताच लागला होता तरी आत उकडत होतं. पंचांनी आमच्या बॅटी मागून घेतल्या. माझी उलटीपालटी करून पाहिली, कडेनं अंगठा फिरवला.

"छान बसवलंय. कुठून करून आणलं?"

"घरीच," मी म्हटलं, आणि मला आत्यांचा अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू, खरंच वाटला.

पाच गेमचा सामना, प्रत्येक गेम अकरा पॉइंटांचा. पहिला गेम मी घेतला. तिला घाई होती, ती जोरात मारत गेली आणि तिचाच जोर तिच्याकडे उलटून जात राहिला. मी टेबलाला चिकटून उभी होते, हात फारसा हलत नव्हता. दुसऱ्या गेमला ती शहाणी झाली. तिनं मारणं सोडलं आणि माझ्या काळ्या बाजूवर, पिंपलवर, रिकामे चेंडू टाकायला लागली. ना टॉपस्पिन ना बॅकस्पिन, नुसतं ढकललेलं. माझ्याकडून जे परत जायचं ते हळू आणि उंच, आणि मग ती ठोकायची. हे तिला मीच शिकवलेलं. एकेका चेंडूला माझ्या मानेवरून घाम उतरत होता आणि राग कुणावर काढावा कळत नव्हतं. गेम तिचा.

तिसऱ्याला मी बॅट मुठीतल्या मुठीत फिरवायला लागले. रिकामा चेंडू येतोय दिसलं की काळी बाजू मागे, लाल प्लेन बाजू पुढे, आणि थोडी फिरकी घालून द्यायचं. तिचा अंदाज चुकायला लागला. मी देतेय ते कुठल्या बाजूचं, हे ती आता माझ्या हाताकडे बघून ओळखायची धडपड करत होती, आणि मी हात लपवत होते. तिसरा माझा, चौथा तिचा. दोन्ही शेवटच्या पॉइंटपर्यंत ताणलेले. मला तहान लागली होती, पण बाटलीपर्यंत जायला सुचत नव्हतं.

पाचव्या गेमला बरोबरीत चाललो होतो तेव्हा मला बोटाखाली काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. बॅट धरताना तर्जनी रबरावर आडवी टेकते. तिच्याखालचं रबर किंचित हललं. मी मनाशी म्हटलं, घाम आहे. पुढचा चेंडू पिंपलवर घेतला आणि आवाज वेगळा आला. रोजचा 'टक्' नाही, ओल्या पोत्यावर पडावा तसा 'थप्'. चेंडू जाळीच्या पलीकडे जेमतेम पडला आणि तिथंच बसला. पॉइंट मला मिळाला. आठ-सात. टाळ्या वाजल्या.

तिनं टाळ्यांकडे लक्ष दिलं नाही. ती माझ्या बॅटीकडे बघत होती. रोज संध्याकाळी ती हा आवाज ऐकते, तिच्याइतका तो कुणालाच ठाऊक नव्हता. तिनं हात वर केला. मला वाटलं, आता ही पंचांना सांगणार. पण तिनं टॉवेल मागितला, तोंड पुसलं आणि परत उभी राहिली. पुढचा चेंडू तिनं पिंपलवर टाकलाच नाही, लांब फोरहँडला टाकला, जिथं माझा खांदा पोचत नाही. आठ-आठ.

मी अंगठ्यानं रबर दाबलं. ते दाबलं गेलं नाही, सरकलं. कडेनं निळसर पांढरी खळ बाहेर आली आणि अंगठ्याला लागली. मध्ये अजून ओलीच होती. मला तेव्हा लखकन कळलं की कागद पाणी पितो म्हणून त्याच्या नळ्या वाळतात, रबर पाणी पीत नाही. रात्रभर तव्याखाली ते नुसतं दबून राहिलं होतं. पुढच्या चेंडूला सालपटासारखं हातात आलं असतं. मी पंचांकडे गेले आणि बॅट दाखवली.

त्यांनी बोट लावून वास घेतला. "हे काय आहे?"

"मैद्याची खळ आहे, सर."

कडेला कुणीतरी हसलं. मी असं वळून बघितलं की तो माणूस मोबाईलमध्ये शिरला. पंच म्हणाले, "ही बॅट चालणार नाही. दुसरी घ्या, लगेच."

दुसरी बॅट माझ्याकडे नव्हती. तेवढ्यात ती मुलगी तिच्या पिशवीकडे गेली आणि आपली जास्तीची बॅट घेऊन आली.

"ताई, ही घ्या. नवंच हाय रबर."

दोन्ही बाजूंना प्लेन, हलकी, चपळ बॅट. खांदा चांगला असता तर मी जीव टाकला असता तिच्यावर. मी ती हातात धरली आणि मला माझाच हात परका वाटला. पहिला चेंडू तिनं टॉपस्पिन मारला, मी सवयीनं बॅट नुसती पुढे धरली आणि चेंडू उडून मागच्या भिंतीवर गेला. प्लेन रबरानं सगळी फिरकी पकडली होती. पुढचाही तसाच. दहा-आठ, ती पुढे. आता मी चिडले. चिडले की मला दुखणं आठवत नाही. तिचा पुढचा चेंडू जरा उंच आला आणि मी हात मागं नेला, पार मागं, जसा स्कूटी घसरायच्या आधी न्यायचे, आणि मारला. खांद्यात कळ गेली ती दातापर्यंत. चेंडू टेबलाच्या कडेला लागून गेला. दहा-नऊ. हॉल ओरडला, ती मुलगीसुद्धा "वा ताई" म्हणाली, आणि मला वाटलं, बाई, अजून हे आपल्यात आहे की. इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

मग तिनं सर्व्हिस केली. साधी, आखूड, बॅकस्पिनची. पिंपल असतं तर बॅट उभी धरून पुढे ढकलायचं, चेंडू आपोआप टॉपस्पिन होऊन पलीकडे जातो. मी गेली काही वर्षं हजारो वेळा तेच केलं होतं. प्लेन रबरावर बॅकस्पिन आला की बॅट उघडी करून खालून घ्यायचं, हे शाळेतल्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवतात. मला ते माहीत होतं. चेंडू येताना मी मनात म्हटलंसुद्धा, उघड, बॅट उघड. पण हातानं ऐकलं नाही. बॅट उभीच राहिली आणि चेंडू जाळीच्या तळाशी जाऊन पडला.

तिनं माझ्या पायांना हात लावला. मी तिच्या पाठीवर थोपटलं आणि तिची बॅट तिला दिली. परत येताना बसमध्ये ती काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होती, पण मी डोळे मिटून घेतले. झोपले नव्हते. आत्यांना काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. तुम्हाला कुणी सांगितलं होतं मधे पडायला. तुम्हाला मी गेलेली बघवतच नाही. तुमचं चिटकायचं ते चिटकतंय. येरमाळा मागं पडेपर्यंत माझं भाषण पक्कं झालं होतं आणि त्यात एकही शब्द कमी करायचा माझा विचार नव्हता.

घरी आत्या ओट्यावर नळ्या वळत बसल्या होत्या. मी चप्पल काढली, पिशवीतून बॅट काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. रबर अर्धं सुटून लोंबत होतं. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. बॅट उचलली, सुटलेल्या भागाखाली बोट घातलं आणि बोट बघितलं.

"वलीच हाय," त्या म्हणाल्या. "म्याच लई जाड लावली." मग विचारलं, "हारलीस?"

"हो."

माझं भाषण कुठं गेलं कुणास ठाऊक. त्या तळहात लुगड्याला पुसत होत्या, पुसून झाल्यावरही पुसत होत्या. त्यांचा चेहरा असा पडलेला मी ह्याआधी पाहिला नव्हता.

"म्या लेकीला बलिवलंय," त्या खाली बघत म्हणाल्या. "तुझ्या त्या दिसांत हितं ऱ्हायाला. तू जानारच, असं धरून चालले व्हते. आता स्पर्धा असंल न्हायतर नसंल. ती यायलीच हाय. तू जा की कुठं जायाचं तिथं. घर आमी बगतो."

म्हणजे नणंदेला त्यांनी आधीच बोलावून ठेवलं होतं. उलथनं म्हणणाऱ्या बाईनं. वर्षानुवर्षं मला जे हवं असं मी सगळ्यांना सांगत होते, ते त्यांनी न मागता माझ्या पदरात टाकलं होतं. मोकळे दिवस, चहा नाही, डबे नाहीत. मला आनंद व्हायला हवा होता.

"जाऊन काय करू?" मी म्हटलं आणि ओट्यावर बसून रडायला लागले. मोठ्यानं, नाक वाहेपर्यंत. मला ते दिवस नकोच होते. दहा-नऊला मारलेला तो एक फटका मला हवा होता, आणि तो ह्या घरात बसून, माहेरी जाऊन, कुठंही जाऊन मिळणार नव्हता. खांदा अजून ठणकत होता आणि मला तो ठणकासुद्धा हवा होता. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण पोरंबाळं असलेल्या बाईनं चेंडूसाठी जीव टाकावा हे सांगायची मला लाज वाटायची. हे सगळं मी रडत रडत आत्यांना सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही.

मग त्यांनी बॅट माझ्याकडे सरकवली.

"आगं मंग खेळायचंय म्हन की. येवढी वरसं दिस दिस काय लावलीस? दिस तर म्या कवाबी दिलं असतं."